डावा कोपरा

गुरुवारी लूम बंद.
कान रिकामे झाले की साखर पेठेच्या तोंडाशी,
कोंड्याच्या टपरीवर आमचं कोर्ट भरतं.
खटला एकच, जुना, तारखांवर तारखा :
नवविणकर मंडळाचा
आजवरचा सगळ्यात भारी डावा कोपरा कोण?

मी भिवंडीत वीस वर्षं काढून आलेला,
टक्कल, ढेरी आणि तिकडची बोली घेऊन.
मला इथं भिवंडीवालाच म्हणतात
आणि माझं मत अर्धं धरतात.

श्रीनिवास गड्डम म्हणतो, अंबादास. संपला विषय.
चढाईवाला बोनसला पाय टाकायच्या आत
अंबादासचा पंजा तिथं जाऊन बसलेला,
मागावर धागा तुटायच्या आधी
त्याची बोटं गाठीला जायची, तसा.
घोटा धरला की धरला.
तो सांगलीचा सहाफुट्या
अजून चालताना मागं बघत असेल.

मैनुद्दीनभाई बशी खाली ठेवतात.
बशी खाली आली म्हणजे बशीर नदाफ.
"अंबादास घाई करायचा, मियाँ. बशीर थांबायचा."
फलाटावर रात्रीच्या अक्कलकोट गाडीची वाट बघावी
तसा थांबायचा,
समोरच्याचा दम सरेपर्यंत,
'कबड्डी'तली 'ड्डी' ओठातून गळेपर्यंत.
मग दोन पावलं. बस.
"एका स्पर्धेत उन्नीस पकडी!"
"चौदा."
"उन्नीस! वही काढ."

वही नाही.
वही शशिकलाबाईनं शेंगाचटणीच्या पुड्यांना फाडली,
मंडळाचा अख्खा इतिहास
तेल पिऊन कुणाकुणाच्या भाकरीशेजारी बसला.
तेव्हापासून पकडी वाढतच चालल्यात.
मेलेले लोकसुद्धा दर गुरुवारी
एखाददुसरी जास्त घेऊन जातात.

रेवणसिद्धचं नाव कोंड्या काढतो, गाळणं झटकत.
यार्डातला हमाल. घोटा-बिटा त्याला माहीत नाही,
सरळ मांडी, आणि कांद्याचं पोतं उचलावं तसा माणूस वर.
पंचसुद्धा शिट्टी विसरायचे.
"पण दोनच वर्षं खेळला की."
"मग? गड्डा काय वर्षभर भरतो?"
यावर कुणाला उत्तर सुचत नाही.
ऊन एक वीत सरकतं.

"आणि तो कोण रे," गड्डम कपाळ चोळतो,
"अंबादासचा खांदा निखळला त्या साली?
कोपऱ्यात एक काटकुळं पोरगं उभं केलं होतं.
बार्शीच्या सामन्यात
शेवटच्या चढाईला एक धरला होता बघ."
"धरला कसला! तो आपणच घसरून पडला."
"धरला होता, मी तिथंच होतो."
"तू भजी खात होतास."
"नाव काय त्याचं?"

नाव कुणालाच येत नाही.
तेलुगू होतं, नाही, लिंगायत होतं,
गिरणीतल्या कुणाचा तरी भाचा होता.

घामानं ओला घोटा. फक्कीची रेषा.
माझा अंगठा त्याच्या हाडामागं बसला होता,
की तो घसरला तेव्हा
माझा हात नुसता वाटेत होता?
भिवंडीत रात्रपाळीला, हजारदा,
त्याला मी पुन्हा आणला, पुन्हा पाडला.
दर वेळी तो पडतो.
कशानं, ते दिसत नाही.

"भिवंडीवाले, तुला काय वाटतं?"
"मी कुठं होतो तेव्हा," मी म्हणतो.
"पण पडला असेल आपणच.
बार्शीकडं मैदान ओलं मारतात."

गड्डम माझ्याकडं जरा जास्त वेळ बघतो.
मग कोंड्या ग्लास मोजायला येतो,
सात म्हणतो, आम्ही सहा म्हणतो,
आणि नवीन वाद सुरू होतो.